देवमनबुवांचा सिनेमा उतरला

३० सप्टेंबर, सोमवार

सावंगीहून वर्ध्याला परतताना चौकात पोस्टर दिसलं. ऑटो थांबवला. देवमनबुवा झालेला नट एकटाच उभा, खंजिरी उंच धरलेली, मागे लाल आभाळ. भजनी मंडळातला एकही माणूस नाही. पोस्टरवर सात-आठ जण मावत नसतील, अशी स्वतःची समजूत घातली.

ऑटोवाला म्हणे, "ओळखीचे हाये का मॅडम?" सांगितलं, माझे वडील यांच्या मंडळात होते, पेटीवर. "देवमनबुवाच्या? बाप्पा! मंग त तुमाले फुकट पास असन." पास वगैरे काही नाही. तारीखसुद्धा पेपरातून कळली.

खोलीवर आले तोच गावाहून बाबांचा फोन. "कुंदे, शुक्रवारी टाकीजले लागून राह्यला म्हनते. कवा येऊ?" म्हटलं, आधी मी पाहून येते, मग तुम्ही या. "काऊन?" गर्दी किती आहे ते बघते, म्हटलं. कारण ते नव्हतं. भीती वाटत होती. कशाची ते माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. थोडं माहीत होतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या उन्हाळ्यातली ती सिनेमावाली मंडळी आज सारखी डोळ्यांपुढे. पुण्याचा साकेत, दिग्दर्शक, दादाच्या पोरापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा. बरोबर रेकॉर्डर घेतलेली एक मुलगी. गावी आमच्या ओसरीत बसून बाबांशी बोलले. बाबांची वऱ्हाडी त्यांना भरभर कळेना, म्हणून मी मध्ये बसून सांगत गेले. देवमनबुवा (दे.बु.) जाऊन बरीच वर्षं झाली. मंडळातले धड सांगू शकतील असे बाबाच उरले.

दे.बुं.ची रीत अशी होती की ओळीचा शेवट ते कधी म्हणत नसत. "दिवा लावला माह्या घरी, उजेड पडे" इथे थांबायचे. खंजिरी चालू. "शेजारी" हे मागच्यांनी म्हणायचं. आधी बाबा, मग मंडळ, मग सगळं अंगण. एखादा नवखा बुवा शेवटही स्वतःच म्हणून टाकायचा, तेव्हा म्हातारी माणसं टोकायची, "सगळं तूच खाल्लं काय बाप्पा? आमाले काय ठेवलं?"

त्या मुलीनं गाणी उतरवून घेतली तेव्हा ओळी अर्ध्या. तिला वाटलं, बाबा विसरतायत. मीच म्हटलं, दे, पूर्ण करून देते. केल्या. सुवाच्य अक्षरात. लायब्ररीत वीस वर्षं काढली, अर्धवट काही दिसलं की हात आपोआप पुढे होतो.

त्यात चूक वाटली नव्हती. आता वाटते का? शुक्रवारी कळेल.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. दिवसभर कोणाशी बोलणं नाही. दूधवाल्याला "उद्यापासून अर्धाच लिटर" एवढं सांगितलं. तेही मागेच सांगायला हवं होतं.

गोठ्याची गोष्ट लिहून ठेवते, बाबांनी सांगितली तशी. म्हणजे पडद्यावरचीशी ताडून बघता येईल.

मंडळ जोरात होतं तेव्हाची गोष्ट. एका स्पर्धेत माईक आला. एकच. तो दे.बुं.पुढे ठेवला. बाबा म्हणाले, मधात ठेवा, मागचे ऐकू जात नाहीत. दे.बु. बाबांना सगळ्यांदेखत बोलले, "लोकं मले ऐकाले आले, श्रावण." बाबांनी पेटी बंद केली आणि उठून आले. त्यानंतर दोन हिवाळे दोघांत बोलणं नाही. आम्हा पोरांना कारण ठाऊक नव्हतं. आई एवढंच म्हणायची, पेटीले हात लावू नका.

मग एका सकाळी बाबा गोठ्यात दूध काढत होते. दे.बु. आले आणि अंगणातल्या बाजेवर बसले. रामराम नाही, काही नाही. "दिवा लावला माह्या घरी, उजेड पडे" म्हणाले आणि थांबले. बाबा गप्प. पुन्हा म्हणाले, पुन्हा थांबले. हे सांगताना बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, साकेतकडे पाहत होते. "मी काई म्हननार नव्हतो जी. पन ते तसंच लोंबत राह्यलं ना. कानाले सहन होईना." गोठ्यातूनच म्हणाले, "शेजारी." गायलेही नाहीत, नुसतं म्हटलं. दे.बु. आईला म्हणाले, "वहिनी, च्या मांडा."

संपली गोष्ट. त्या दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी तेव्हा शाळकरी होते, त्या सकाळी घरातच असणार. काही आठवत नाही. ही गोष्ट मला पहिल्यांदा त्या रेकॉर्डरसमोर कळली. आणि सांगा, सांगा म्हणून मागे लागणारी मीच होते. बाबा म्हणत होते, "लोकायले काय त्याचं?"

सासर सोडून आले त्या वर्षी आमच्या अंगणात येऊन कोणी बसलं नाही. वाट पाहिली होती का? हो. हे इथेच राहू दे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहिला. संध्याकाळचा खेळ. बाल्कनीत मी, एक जोडपं, आणि कॉलेजची काही पोरं, जी एसीत बसायला आली होती हे त्यांच्याच बोलण्यावरून कळलं. खाली तुरळक.

घाईनं लिहू नये. आधी चांगलं ते लिहिते. कापसाचं शेत सुरेख दिसतं. नटानं मेहनत घेतली आहे, खंजिरी बरी धरतो. आवाज गोड. दे.बुं.चा गोड नव्हता, पण ते चालेल.

आता बाकीचं. पेटीवाल्याचं नाव शंकर ठेवलंय. तो पितो, विनोद करतो, मध्यंतरानंतर दिसत नाही. बाबांनी आयुष्यात विडी ओढली नाही.

मागचा आवाज दे.बुं.च्या बायकोला दिला आहे. नायिका. खऱ्या काकू कधी गायल्या नाहीत, भजनाच्या रात्री मंडळाला शिव्या देत पोळ्या लाटायच्या. इथे ती मागे बसून गाते. माईकवरून तीच भांडते, "तुम्हाला फक्त तुमची कला दिसते," आणि माहेरी जाते. मग एका सकाळी ती माहेरच्या गोठ्यात दूध काढत असते. तो येतो. बाजेवर बसतो. गातो.

आणि ओळ पुरी गातो. "उजेड पडे शेजारी." मी लिहून दिलेली, पुरी. तिला म्हणायला काही उरलेलंच नाही. तरी ती तीच ओळ पुन्हा गाते, धावत येते, व्हायोलिनं वाजतात. टाकीजमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही. पोरांपैकी एक मोबाईल बघत होता. मी त्या क्षणी कशी बसले होते ते लिहिता येणार नाही.

शेवटी आभाराची नावं सुरू झाली आणि ऑपरेटरनं बंद करून दिवे लावले. आमची नावं त्यात असणार. म्हटलं, नावं तरी पुरी दाखवा. "कोन वाचते मॅडम?"

बाबांनी हे पाहायचं नाही. बाहेर पडतानाच ठरवलं. ठरवणारी मी कोण, हे त्यानंतर सुचलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

खालच्या काकूंनी जिन्यातच धरलं. यांचं कापडाचं दुकान, नवरात्रात श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी चौकशीला कमी नाहीत. "काय वं, रडू येते का त्यात?" म्हटलं, नाही. "मंग कायले पाहाचा?"

लायब्ररीत सगळ्यांना "छान आहे" म्हणून सांगितलं. तोंडावरून कोणाला पटलं नसावं. कोणी जाणार नाही. मोबाईलवर येईल तेव्हा बघू, असं दोघी म्हणाल्या. एकीनं तर विचारलं, "त्याचं काय भांडण-बिंडण होतं का कोणाशी? कोणी मारलंबिरलं?" नाही. "मग सिनेमा कशावर?"

प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर माहीत होतं आणि ते सिनेमात नव्हतं.

बाबांचा फोन. आणि मी बोलून गेले, "लय गर्दी हाये बाबा. तिकीटच भेटत नाई. थोडं थांबा." रिकामं टाकीज डोळ्यांपुढे होतं तरी जीभ अडखळली नाही. पलीकडे ते केवढे खूश झाले. "मंग! देवमन होता तो! मी म्हनलं नव्हतो का तुले?"

मी खोटं बोलत नाही, असा माझा एक समज आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

दादाचा फोन. चिडलेला. "काऊन वं कुंदा, आमच्यासाठी तिकिटं काढून ठेवता आली असती ना तुले! सोयाबीन एक दिवस बंद ठेवनार होतो. मंडळाचे पोट्टे, त्यायच्या माया, सारे ट्रॅक्टर भरून येनार होते आज. बाबानं सांगतलं हाऊसफुल्ल हाये. कुंदालेच तिकीट भेटून नाई राह्यलं त आपल्याले कोन देते?"

म्हटलं, "हो ना." एवढंच.

दादा पुढे सांगत होता की बाजूच्या गावातही बातमी गेली. तिथलं मंडळ मंगळवारी येणार होतं, त्यांनी रद्द केलं. सगळ्यांना आनंद झालाय म्हणे. देवमनबुवांचा सिनेमा फुल्ल चालला आहे. ज्यांनी तो पाहायचा होता ते गावोगावी ही खुशखबर एकमेकांना सांगत घरी बसले आहेत.

तेव्हासुद्धा फोन करून सांगता आलं असतं, जागा आहे, या. संध्याकाळच्या खेळाला अवकाश होता. ट्रॅक्टर अर्ध्या-पाऊण तासात पोचला असता. आणि मग बाबा मध्यभागी, भोवती सगळं गाव, आणि पडद्यावर ती बाई गोठ्यात.

फोन केला नाही. टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

लायब्ररीत असताना साकेतचा फोन. बाहेर गेले. आवाज बसलेला. "मॅडम, पुण्या-मुंबईत पडणार ते धरूनच चाललो होतो. पण वर्धा? त्यांच्या स्वतःच्या मातीत? काय चुकलं आमचं?"

मी म्हटलं, "सोयाबीन."

"म्हणजे?"

सोयाबीनची काढणी चालू आहे, सगळी शेतात. आणि नवरात्र. भजनाची आवड असलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी आपल्याच गावच्या देवीपुढे भजनाला बसलेला आहे, टाकीजला कोण येणार?

तो म्हणाला, "नवरात्र तुम्हीच सुचवलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, नवरात्रात गावोगाव भजन असतं."

म्हणाले होते खरी. या दिवसांत सगळे गात असतात, म्हणजे सगळ्यांना गाणं हवं असतं, असा हिशेब. जेवायला बसलेल्या माणसाच्या दारात खानावळीची पाटी लावण्यासारखं झालं ते.

मग मी धीर करून विचारलं, माझ्या वडिलांचा तो प्रसंग... तो म्हणाला, "अहो तोच तर सिनेमाचा प्राण आहे! पण दोन म्हातारे, एक बाज आणि चहा, यावर पैसे कोण लावतं? नायिका आली तेव्हा कुठे निर्माता उभा राहिला." मग म्हणाला, "काकांना आवडला का?"

म्हटलं, अजून आले नाहीत. "प्लीज दाखवा त्यांना. मला त्यांचंच मत हवंय."

वाईट मुलगा नाही. तोच त्रास आहे. वाईट असता तर बरं झालं असतं.

दोन म्हाताऱ्यांचा, चहाचा सिनेमा काढला असता तर चालला असता का? मला हो म्हणायला आवडेल. प्रामाणिकपणे, कदाचित तोही पडला असता. निदान दे.बुं.चा म्हणून पडला असता.

८ ऑक्टोबर, मंगळवार

टाकीजवरून गेले. आता एकच खेळ, दुपारचा. बाकी खेळांना दुसरा सिनेमा. गुरुवारी उतरणार. खरं सांगायचं तर छाती हलकी झाली. दोन दिवस काढले की सुटले, असं मनात आलं. जिनं साकेतला घरी बोलावलं, ओळी पुऱ्या करून दिल्या, तारीख सुचवली, तीच बाई आता सिनेमा पडतोय म्हणून सुटकेचा श्वास टाकते आहे.

संध्याकाळी बाबांचा फोन. "उद्या येतो." म्हटलं, गर्दी... "गर्दी असन त उभा राह्यून पाहीन. पायात काटे नाई आले माह्या." आणि हळू आवाजात, "मंडळातले सारे इचारतेत वं, तू पाह्यला का, तू पाह्यला का. मी काय सांगू?"

आता आणखी काय खोटं बोलणार? या म्हटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

९ ऑक्टोबर, बुधवार

बाबा सकाळच्या एस.टी.नं आले. पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, टोपी नवी. वहिनीनं डब्यात भाकर आणि ठेचा दिलेला. टाकीजसमोर उतरून इकडे तिकडे पाहिलं. "कुठं हाये गर्दी?"

म्हटलं, "आज बुधवार ना. कमी झाली." माझ्याकडे पाहिलं नाही. "असन," म्हणाले.

आत बसलो. आमच्याखेरीज दोघं-तिघं. सिनेमा सुरू झाला तसे ते पुढे सरकून बसले. हात गुडघ्यावर ठेका धरायला लागला. आणि मोठ्यानं बोलायचे, घरात बसल्यासारखे. "लयच गोरा केला वं देवमनले! हा त उन्हात फुटाना होऊन जाईन." शंकर आला तेव्हा म्हणाले, "हा कोन?" म्हटलं, पेटीवाला. बराच वेळ पाहत होते. "याची बोटं पाह्य. सूर कुठं, बोट कुठं. पेटी हाये का पोळपाट?" मी हसले. त्यांना वाटलं असेल विनोदाला हसतेय. हा मीच आहे का, असं त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या भजनाला नट ओळ पुरी म्हणाला तेव्हा बाबा नुसते "अं?" म्हणाले, तोंड अर्धवट उघडलेलं. म्हणायची जागा आली आणि निघून गेली.

मध्यंतरात समोसा खाल्ला, चहा घेतला. "देवमनले आवडलं असतं. त्याले सोतालेच पाहाची लय हौस." हसले. मग म्हणाले, "बाकीचे कुठं गेले वं आमचे? नामदेव, सुखदेव, टाळवाला बापू?" म्हटलं, सिनेमात इतकी माणसं ठेवत नाहीत. "मंग भजन कसं केलं त्यायनं?"

हा प्रश्न साकेतनं ऐकायला हवा होता.

मध्यंतरानंतर ते मागे टेकले. भांडणाच्या प्रसंगाला पाहिलं तर डोळे मिटलेले. हात गुडघ्यावर स्थिर. मला वाटलं, प्रवासानं थकले. गोठ्याचा प्रसंग आला. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहत होते. पापणी हलली नाही. उठवायला हवं होतं का? ज्यासाठी तो माणूस इस्त्री करून आला ते समोर चाललं होतं. मी नाही उठवलं. व्हायोलिनं थांबेपर्यंत मी देवाचं नाव घेत होते, कधी नाही ते.

शेवटाला बाबा उठले. नावं सुरू होताच आजही बंद केलं. बाबा म्हणाले, "मोठा हाये सिनेमा. पैसा लावला लेकायनं."

स्टँडवर बस लागलेली. चढता चढता मागे वळले. "कुंदे, आपलं ते गोठ्यातलं घेतलं काय त्यायनं?"

मी म्हटलं, "घेतलं, बाबा."

"बरं झालं," म्हणाले आणि आत जाऊन बसले. खिडकीतून हात केला.

घेतलं हे खरंच आहे ना? एकही शब्द खोटा नाही. हे लिहून पाहिलं आणि वाचवेना.

१० ऑक्टोबर, गुरुवार

उतरला. दुपारी दुसरं पोस्टर चढवत होते. देवमनबुवाच्या नटाचा हात तेवढा बाजूनं दिसत होता, खंजिरीसकट.

लायब्ररीत कोणीतरी पेपर वाचून दाखवला. वाद्य-संगीतावरचे चरित्रपट का चालत नाहीत, असं काहीसं. प्रसिद्धी कमी, चेहरा मोठा नाही, पटकथा संथ. सगळं बरोबर असेल. मी आपली माझ्यापुरती उत्तरं काढत बसले. ज्यांनी त्याला ऐकलं त्यांना तो फुकट मिळाला होता, ते पैसे देऊन त्याची नक्कल का बघतील? ज्यांनी ऐकलं नाही त्यांना तो कोण? आणि मधले, जे कुतूहलानं आले असते, त्यांना मी घरी बसवलं. हे शेवटचं लिहिताना थोडा अहंकारही आहे. माझ्या एका थापेनं महाराष्ट्रभरचा सिनेमा पडत नाही. बाकीच्या जिल्ह्यांत तर मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

पण अजून एक आहे. त्या माणसाचं गाणं एकट्यानं होत नव्हतं. एकट्याचं करून दाखवलं की ते गोड होतं, पण मग ऐकणाऱ्याला काम उरत नाही. टाकीजमध्ये आम्ही सगळे बिनकामाचे बसलो होतो. बाबासुद्धा. लोकांनी दुसऱ्यांना "जाऊन या" म्हटलं नाही ते यामुळे असेल. असेल. खात्री नाही.

दादाच्या मुलानं मेसेज टाकला, पुढच्या महिन्यात सिनेमा मोबाईलवर येतोय, आजोबांना घरीच दाखवतो, सगळ्या मंडळाला बोलावतो.

म्हणजे मी काही वाचवलं नाही. पुढे ढकललं. त्याच्या आधी मीच सांगायचं. कसं, ते सुचत नाही. बाबा, तुमची जागा त्यांनी एका बाईला दिली. बाबा, ओळ मीच पुरी करून दिली. फोनवर नाही सांगता येणार.

आज दिवसभरात मोठ्यानं बोललेली वाक्यं आठवून पाहिली. सगळी पुस्तकांच्या देवघेवीची.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी डबा भरत होते तर बाबांचा फोन. एवढ्या लवकर कधी करत नाहीत. मागे थ्रेशरचा आवाज.

"कुंदे, एक सांगाचं राह्यलं व्हतं परवा. त्या पुन्याच्या पोराले फोन करशीन तवा सांगजो, गाय चुकली म्हना."

"कोणती गाय?"

"गोठ्यातली वं. आपली गावरानी होती, तांबडी. त्यायनं जर्सी बांधली, काळी-पांढरी. त्या काळात जर्सी होती का गावात कोनाकडे? आन् त्या बाईले धार काढता येत नाई. भांडं कुठं धरून राह्यली, पाह्यलं नाई का तू?"

माझ्या हातात पोळी तशीच राहिली. म्हटलं, "बाबा, तुमी त झोपलते."

थ्रेशर चालू होता. वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "बाकी गोठा चांगला बांधला त्यायनं. सांगजो त्याले, बाबाले गोठा आवडला म्हना. मेहनत केली पोरानं."

मी "बाबा" म्हटलं. फोन चालूच होता. दूरवर दादा कोणाला तरी ओरडत होता, पोतं धर, पोतं धर.

"उद्या दसरा हाये," म्हणाले. "येजो. सोयाबीन होते आज काढून." फोन ठेवला.

लायब्ररीत गेले. काम केलं. तिथल्या एक बाई म्हणाल्या, तब्येत बरी नाही का. बरी आहे.

म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं. आणि बसच्या पायरीवरून मला विचारलं, घेतलं काय म्हणून. ते विचारणं कशासाठी होतं? मी सांगावं म्हणून, की मला सांगायला लागू नये म्हणून? दुपारपासून दोन्ही बाजूंनी विचार करते आहे. दोन्ही खरं वाटतं.

आणि घरात गर्दीची बातमी अजून तशीच आहे. दादा, पोरं, बाजूचं गाव, सगळ्यांच्या लेखी सिनेमा फुल्ल चालून उतरला. रिकामं टाकीज बाबांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी कोणाला सांगितलेलं दिसत नाही.

साकेतला मेसेज केला, काकांना गोठा आवडला, गाय चुकली. त्याचं लगेच उत्तर, खूप हसणारी चित्रं, आणि मग, "बाकी काही म्हणाले?"

लिहिलं नाही काही अजून.

पिशवी भरून ठेवली आहे. बाबांसाठी मफलर, पोरांसाठी चॉकलेटं. सकाळच्या पहिल्या बसनं निघेन. पोचेपर्यंत बाबा गोठ्यातच असतील, त्या वेळी ते तिथेच असतात. मी अंगणात जाऊन काय म्हणणार आहे, ते अजून मला माहीत नाही.